देवमासा, तेल आणि उजेड : टर्नरच्या चार चित्रांच्या निमित्ताने

चित्राचा विषय आणि चित्राचे मूल्य यांचा परस्परांशी काही अंगभूत संबंध असतो काय, हा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात नवा नाही. चित्र म्हणजे रंगसंवेदनांची लयबद्ध रचना, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी बांधलेली, असे मर्ढेकरांनी मानले. साहजिकच ‘कशाचे चित्र’ हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण ठरला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविषयक संकल्पनांची व्यवस्था लावली आणि आपली समीक्षा या दोहोंमध्ये सतत झुलत असते, हे दाखवून दिले. एम.ए.च्या वर्गात हा भाग शिकवताना अलौकिकतावादी भूमिकेचे उदाहरण म्हणून मी बरीच वर्षे टर्नरची उत्तरकालीन चित्रे दाखवीत आलो. तेथे वस्तू विरघळते, उरतो तो केवळ रंग आणि प्रकाश, असे सांगणे सोयीचे होते. ते उदाहरण मी निवडले होते तितके निरुपद्रवी नाही, हे मला त्याच्या देवमाशांच्या शिकारीवरील चार चित्रांमुळे कळले. मूळ चित्रे मी पाहिलेली नाहीत. आता संग्रहालयांनी संगणकावर उपलब्ध करून दिलेल्या प्रतिमांवरच माझी भिस्त आहे, ही मर्यादा आरंभीच नोंदवतो.

चित्रांकडे वळण्यापूर्वी त्या व्यवसायाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवमासा मारला जाई तो प्रामुख्याने तेलासाठी. स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल दिव्यात स्वच्छ जळे. त्याच्या डोक्यातील मेणासारख्या द्रव्याच्या मेणबत्त्या बनत. राइट जातीच्या देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या स्त्रियांच्या आवळ कंचुकीत आणि छत्र्यांच्या काड्यांत जात. इंग्लंडमधील हल आणि व्हिटबी, अमेरिकेतील नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरे या व्यापारावर गबर झाली. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्याच्या तेलाचा हा धंदा उतरणीला लागला. परंतु आपल्याला अभिप्रेत असलेला काळ त्याच्या आधीचा, म्हणजे घराघरांतील आणि रस्त्यांवरील उजेड बऱ्याच अंशी या प्राण्यावर अवलंबून असल्याचा काळ आहे.

या व्यवसायाचे चित्रण करणारी एक स्वतंत्र परंपरा तयार झाली होती. तिचा एक ठळक प्रतिनिधी विल्यम जॉन हगिन्स (१७८१–१८४५). ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ‘पर्सिव्हरन्स’ या जहाजावरून मुंबई आणि चीनपर्यंत जाऊन आलेला हा माणूस पुढे चवथ्या विल्यम राजाचा सागरी चित्रकार झाला. दक्षिण समुद्रातील शिकारीच्या त्याच्या चित्रावरून १८२५ मध्ये निघालेले मुद्राचित्र बरेच प्रसिद्ध होते. दुसरा, आणि माझ्या मते अधिक समर्थ, फ्रेंच चित्रकार आंब्रुआज लुई गार्नरे (१७८३–१८५७). तो सुर्कूफच्या हाताखाली हिंदी महासागरात चाचेगिरी करीत होता. १८०६ ते १८१४ अशी आठ वर्षे त्याने इंग्रजांच्या कैदेत, पोर्ट्समथच्या बंदीजहाजांवर काढली आणि तेथेच त्याची चित्रकला पोसली गेली. स्पर्म देवमासा आणि राइट देवमासा यांच्या शिकारीची त्याची दोन चित्रे मुद्राचित्रांच्या रूपाने १८३०नंतरच्या दशकात सर्वत्र पोहोचली. पहिल्यात देवमासा खोल पाण्यातून थेट होडीखाली उसळला आहे, मोडलेल्या फळ्या त्याच्या पाठीवर आहेत आणि एक वल्हेकरी उडी घेण्याच्या बेतात आहे.

या परंपरेतील चित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. चित्रकाराने निवडलेला क्षण जवळजवळ नेहमी तोच असतो: हार्पून फेकला जाण्याचा किंवा होडी उलटण्याचा. एका बाजूला अवाढव्य प्राणी, दुसऱ्या बाजूला नाजूक होडी, आणि निकाल अजून अनिश्चित. आता या व्यवसायाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची. त्यातील प्रत्यक्ष झुंजीचे तास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेला वेळ वाट पाहण्याचा, आणि शिकार साधलीच तर दिवसरात्र चालणाऱ्या घाणेरड्या कष्टांचा. मेलेला देवमासा जहाजाच्या कडेला बांधायचा, चरबीचा थर लांब पट्ट्यांनी सोलून काढायचा, तुकडे करायचे आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत बसवलेल्या लोखंडी कढयांमध्ये ते कढवायचे. भट्टीला जळण म्हणून तेल निघून गेलेल्या चरबीचे चोथेच वापरले जात; देवमासा स्वतःच्याच आगीवर कढत असे. या सर्वांपैकी फारच थोडे चित्रात येते, आणि आले तरी लांब, क्षितिजाजवळच्या धुरात येते. हगिन्सच्या मुद्राचित्रात निरनिराळ्या प्रक्रिया एकत्र मांडण्याचा प्रयत्न आहे, हे खरे. पण नजर खिळते ती होड्यांवरच. गार्नरेच्या दुसऱ्या चित्रात पार्श्वभूमीला एक मेलेला देवमासा निशाण रोवून ठेवलेला दिसतो, जिंकलेल्या किल्ल्यासारखा. कारखान्याचे रूपांतर रणांगणात होते ते असे. जे मुळात एका पक्षाने चालवलेले उत्पादन आहे, ते दोन तुल्यबळांचे द्वंद्व म्हणून सादर केले जाते. एकदा द्वंद्व म्हटले की मारणाऱ्याला शौर्य आणि मरणाऱ्याला भव्यता आपोआप प्राप्त होते. पिपांचा हिशेब कोणी विचारीत नाही.

मेलव्हिलने ‘मोबी-डिक’मध्ये (१८५१) देवमाशांच्या चित्रांसाठी लागोपाठ तीन प्रकरणे खर्ची घातली आहेत, ही गोष्ट आपल्याकडील कादंबरीच्या अभ्यासकांनी विषयांतर म्हणून सोडून दिलेली दिसते. वस्तुतः ती प्रतिरूपणाच्या शक्यतेवरील एक मीमांसाच आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: जिवंत देवमासा पूर्णपणे दिसतो तो फक्त अथांग पाण्यात, आणि तेथे चित्रकार जाऊ शकत नाही, पाण्याबाहेर तो येतो तो मृत, आपल्याच भाराने बेढब झालेला. म्हणून त्याचे यथार्थ चित्र असूच शकत नाही. त्यातल्या त्यात गार्नरेला तो सर्वांत वरचे स्थान देतो, आणि या धंद्याचा फारसा अनुभव नसलेल्या फ्रेंचांनी शिकारीचा प्राण पकडावा, तर इंग्रज आणि अमेरिकन चित्रकारांनी यांत्रिक बाह्यरेषेवर समाधान मानावे, याविषयी खोचक आश्चर्य व्यक्त करतो. स्पर्म देवमाशाच्या बाह्याकृतींमध्ये त्याला सर्वांत विश्वसनीय वाटतात त्या थॉमस बील या जहाजी शल्यवैद्याच्या ग्रंथातल्या.

हे बीलचे पुस्तक, १८३९ साली निघालेला स्पर्म देवमाशाचा निसर्गेतिहास, आपल्याला टर्नरकडे घेऊन जाते. मेलव्हिलने आपल्या जवळच्या प्रतीवर अशी टीप लिहून ठेवली होती की टर्नरची शिकारचित्रे या पुस्तकावरून सुचलेली आहेत. ती टीप योग्यच होती, कारण टर्नरनेच ते जाहीर केले होते. १८४५ साली रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याने ‘व्हेलर्स’ याच नावाची दोन चित्रे मांडली. यांपैकी एक आज लंडनच्या टेटमध्ये आणि दुसरे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. प्रदर्शनाच्या सूचीत चित्रांच्या नावापुढे त्याने बीलच्या पुस्तकाचा पृष्ठांक दिला. टर्नरची रीत माहीत असणाऱ्याला यातील नवल कळेल. आपल्या चित्रांना तो सहसा पद्यपंक्ती जोडीत असे, पुष्कळदा स्वतःच्याच कधीही पूर्ण न झालेल्या एका दीर्घकाव्यातल्या. येथे मात्र कवितेच्या जागी एका शल्यवैद्याच्या गद्य पुस्तकाचे पान आले. चित्र पाहणाऱ्याने काव्य आठवू नये, माहिती उघडून पाहावी, अशी ही सूचना आहे. मला ती फार महत्त्वाची वाटते. ‘निव्वळ रंग’ पाहणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसलो होतो तेव्हा ती माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

न्यूयॉर्कच्या चित्रात डाव्या बाजूला देवमाशाचे काळे डोके फेसातून वर आले आहे, रक्ताचा लालसर झोत दिसतो आणि मागे जहाज पांढऱ्या भुतासारखे उभे आहे. टेटच्या चित्रात देवमासा आणखी दूर, आणखी अस्पष्ट. १८४५ साली थॅकरेने या चित्रांवर लिहिताना थट्टा आणि स्तुती यांचे चांगले मिश्रण केले: आधी जांभळा फराटा वाटतो तो हळूहळू देवमासा होतो, वाकड्यातिकड्या रेघा वाटतात त्या शिडांनी भरलेले जहाज होतात. या निरीक्षणात दर्शनाचा एक क्रम आहे. प्रथम रंग, मग वस्तू. पण देवमाशाच्या बाबतीत हा क्रम पुरा होत नाही. जहाज लाभते, होड्या लाभतात, देवमासा पूर्ण लाभत नाही.

१८४६ साली टर्नरने आणखी दोन चित्रे मांडली, आणि माझा खरा विषय ती आहेत. एकाचे शीर्षक ‘इरेबस’ नावाच्या शिकारी जहाजाचा जयजयकार करणारे आहे: आणखी एक मासा मिळाला म्हणून. दुसऱ्याचे लांबलचक शीर्षक, चरबी कढवीत असलेले, तुटक्या बर्फात अडकलेले आणि सुटू पाहणारे शिकारी असे आहे. पहिल्या शीर्षकातील ‘मासा’ हा शब्द अज्ञानातून आलेला नाही. धंद्याची तीच भाषा होती. १८१८ साली न्यूयॉर्कमधील एका खटल्यात देवमाशाचे तेल हे ‘मत्स्यतेल’ असल्याने त्यावर तपासणीचे शुल्क लागू होते का, असा प्रश्न आला, आणि प्राणिशास्त्राची साक्ष ऐकूनही ज्यूरीने देवमासा हा मासाच, असा निर्णय दिला. शुल्क लावायचे तर प्राण्याला त्या कोष्टकात बसणे भाग असते. (आपल्या ‘देवमासा’ या शब्दानेही त्याला मासाच मानले आहे, फक्त वर देवत्व बहाल करून.) टर्नरच्या शीर्षकातील जयघोष खलाशांचा आहे, आणि त्यात प्राणी एका संख्येत विरघळलेला आहे: ‘आणखी एक’.

दुसऱ्या चित्रात देवमासा जवळपास नाहीच. आहे ती बर्फाची पांढरी-पिवळी विस्तीर्णता, अडकलेली जहाजे आणि एका बाजूला पेटलेली आग. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर थंड आणि उष्ण रंगांची विरोधलय येथे विलक्षण ताकदीने साधली आहे, आणि ते म्हणणे चूक नाही. परंतु ही आग कशाची आहे? ती देवमाशाची आहे. टर्नरच्या चित्रांतील प्रकाशाचा उगम बहुधा सूर्य असतो. त्याला प्रकाशाचा चित्रकार म्हणतात ते त्या अर्थाने. येथे त्याने प्रकाशाचा दुसरा उगम रंगवला आहे: बाजारात पिपाने विकला जाणारा उजेड जेथे तयार होतो ती जागा. देवमासा दिसत नाही, कारण तो या क्षणी उजेड होत आहे. त्याच्या अदृश्यतेला मी आजवर उदात्ताची धूसरता समजत होतो; ती एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात झालेले रूपांतर आहे.

या वाचनाला चित्राबाहेरचा एक आधार आहे, आणि एक अडचणही आहे. आधार असा की ही चित्रे टर्नरने एल्हानन बिक्नेल (१७८८–१८६१) या संग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून रंगवली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बिक्नेल स्पर्म तेलाच्या व्यापारातला बडा असामी. लंडनच्या हर्न हिल भागातील त्याच्या घरी समकालीन इंग्रज चित्रांचा मोठा संग्रह होता. म्हणजे ज्या तेलाने चित्रे विकत घेण्याची ऐपत आली, त्याच तेलाचे चित्र त्याच्या भिंतीवर लागायचे होते. तसे झाले नाही. त्याने एक चित्र घेतले आणि परत पाठवले. त्यातला काही भाग जलरंगात असल्याचे आढळले व तो रुमालाने पुसला गेला, अशी समकालीन हकीकत आहे. टेटमधील तिन्ही चित्रे शेवटपर्यंत टर्नरकडेच पडून होती आणि त्याच्या मृत्यूनंतर राष्ट्राकडे आली. तेलाच्या व्यापाऱ्याला कढईचे चित्र नको होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण परत गेलेले चित्र कढईचे नव्हते, झुंजीचे होते.

अडचण अधिक गंभीर आहे. उत्तर ध्रुवाकडे जाणारी ब्रिटिश जहाजे चरबी सामान्यतः समुद्रात कढवीत नसत. पिपांत भरून मायदेशी आणीत आणि हल, व्हिटबीसारख्या बंदरांत कढवीत. डेकवरची भट्टी ही दक्षिण समुद्रातील दीर्घ सफरींची गरज होती, आणि बील ज्या शिकारीविषयी लिहितो ती तीच. टर्नरने भट्टी दक्षिणेतून उचलून उत्तरेच्या बर्फात नेली. सौंदर्यवादी येथे म्हणेल की झाले तर मग: त्याला पांढऱ्यावर लाल हवा होता, त्यासाठी त्याने वस्तुस्थिती मोडली, आगीच्या अर्थाची चर्चा व्यर्थ आहे. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. मात्र तो जितका दिसतो तितका एकतर्फी नाही. वस्तुस्थितीत नसलेली आग चित्रकाराने मुद्दाम आणली आणि पाहणाऱ्याच्या ती नजरेतून सुटू नये म्हणून शीर्षकात तिचे नाव घातले. केवळ लाल रंग हवा असता तर मावळता सूर्य त्याला परका नव्हता. रचनेची गरज आणि आशयाची गरज येथे एकाच कृतीने भागवलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या काढण्याचे साधन आपल्या परिभाषेत नाही. पाटणकरांचे दोन ध्रुव येथे झुलत नाहीत. एकमेकांवर चढून बसतात.

टर्नरच्या बाबतीत ‘उदात्त’ या संकल्पनेचा वापर इतका सरावाचा झाला आहे की तिच्याविषयी शंका घेणे अरसिकपणाचे वाटेल. बर्कने १७५७ साली सांगितले की धूसरता, अफाटपणा आणि भय हे उदात्ताचे स्रोत आहेत, मात्र भय सुरक्षित अंतरावरून अनुभवलेले हवे. हे ‘सुरक्षित अंतर’ कोणाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. होडीतल्या वल्हेकऱ्याला ते नाही, देवमाशाला तर नाहीच. आहे ते प्रदर्शनाच्या दालनात उभ्या असलेल्याला. या संदर्भात रस्किनचे उदाहरण बोलके आहे. टर्नरच्या गुलामांच्या जहाजावरील चित्राचे (१८४०) त्याने ‘मॉडर्न पेंटर्स’च्या पहिल्या खंडात (१८४३) जे वर्णन केले ते इंग्रजी गद्याचे एक शिखर मानले जाते. लाटा, सूर्यास्त, रक्तासारखा रंग, सगळे त्यात आहे. जहाजावरून माणसे समुद्रात फेकली जात आहेत, ही गोष्ट मात्र तळटीपेत आहे. उदात्ताने विषयाला तळटीपेत ढकलावे, याहून त्याच्या कार्यपद्धतीचे स्पष्ट दर्शन मला अन्यत्र आढळले नाही. देवमाशांच्या चित्रांवरील बहुतेक लेखनात कढई अशीच तळटीपेत असते.

कढई आणि मेहनत मुख्य जागी आणणारी चित्रे नव्हतीच असे नाही. ती ‘कला’ या नावाखाली मोजली जात नसत. बेंजामिन रसेल हा न्यू बेडफर्डचा. ‘कुटुझॉफ’ या जहाजावरून १८४१ ते १८४५ सफर करून आल्यावर त्याने केलेब परिंग्टन या रंगाऱ्याच्या मदतीने शिकारी सफरीचा एक गुंडाळपट रंगवला आणि १८४८च्या अखेरीस तिकीट लावून दाखवला. कापडाची उंची साडेआठ फूट, लांबी सुमारे १२७५ फूट. निवेदक बोलत असे आणि कापड सरकत असे. चित्रकार म्हणून रसेल सामान्य आहे. माणसे बाहुल्यांसारखी, लाटा एकसाच्या. पण बंदरे, बेटे, झुंज, सोलणे, कढवणे या सर्वांना त्याने कापडावर जागा दिली आहे, आणि लांबी हेच त्याचे सत्य आहे: चार वर्षांचा कंटाळा एका चौकटीत मावत नाही, हे त्याला ठाऊक होते.

याच सुमारास जपानमध्येही किनाऱ्यावरून चालणाऱ्या जाळ्यांच्या शिकारीचे चित्रण झाले. होकुसाईने १८३३च्या आसपास गोतो बेटांजवळची शिकार रंगवली. काळाभोर देवमासा आणि भोवती होड्यांचा गराडा. १८३२चा ‘इसानातोरी एकोतोबा’ हा सचित्र ग्रंथ तर किनाऱ्यावरच्या कापणीच्या कोठारांपर्यंत जातो, आणि त्याच्या जोडपुस्तिकेत देवमाशाच्या सत्तरेक भागांची, कोणता कसा खावा याची माहिती आहे. पौर्वात्य माणूस निसर्गाशी एकरूप असतो, अशी भाबडी तुलना येथे लगेच सुचते. ती टाळावी. इकित्सुकीची ही शिकार मासुतोमी घराण्याचा मोठा उद्योग होता. फरक आहे तो इतकाच की तेथे चित्रकाराला उद्योग लपवण्याची गरज वाटली नाही. देवमासा संपूर्ण दिसतो, कारण त्याचे सर्व भाग उपयोगाचे म्हणून मोजलेले आहेत.

शेवटी ज्या प्रतिमांकडे वळायचे त्या कोणा चित्रकाराच्या नाहीत. खलाशी रिकाम्या वेळात स्पर्म देवमाशाच्या दातांवर सुईने चित्रे कोरीत आणि रेघांत काजळी भरीत. या कलेला स्क्रिमशॉ म्हणतात. नँटकेटच्या फ्रेडरिक मायरिकने ‘सुझन’ या जहाजावर १८२८-२९ मध्ये कोरलेले दात त्यांत प्रसिद्ध आहेत. येथे प्रतिरूपण आणि प्रतिरूपित यांच्यातले अंतर नाहीसे होते: देवमाशाच्या शिकारीचे चित्र देवमाशावरच. पण मला त्याहूनही बोलका वाटतो तो जहाजाच्या नोंदवहीतला शिक्का. लाकडाचा किंवा हाडाचा, बोटाएवढा, देवमाशाच्या आकाराचा. शिकार साधली की त्या तारखेपुढे तो शाईत बुडवून उठवायचा. पुष्कळ शिक्क्यांत देवमाशाच्या पोटात एक कोरी जागा ठेवलेली असे. तेल किती पिपे निघाले तो आकडा तेथे हाताने लिहायचा. देवमासा निसटला किंवा बुडाला तर निराळा शिक्का, फक्त शेपटीचा. त्यात कोरी जागा नसे, कारण लिहायला काही नसे. न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात अशा नोंदवह्या मोठ्या संख्येने जपलेल्या आहेत. पाने चाळत गेले की काळे देवमासे, पोटात आकडे, आणि अधूनमधून नुसत्या शेपट्या दिसतात.